अनुस्वार आणि शासननिर्णय

इस्रायलने १९५३ मध्ये कायद्यान्वये हिब्रू भाषेची अकादमी स्थापिली. तिचे राजपत्रित निर्णय शासन व शिक्षणसंस्था यांवर बंधनकारक असतात. महाराष्ट्रात हा अधिकार विभागला गेला. परिभाषा भाषा संचालनालयाकडे, लेखननियम मराठी साहित्य महामंडळाकडे. महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेला, आणि त्यासरशी ‘नांव’ व होडी या अर्थाची ‘नाव’ यांतील लेखनभेद लोपला. ‘पांच’मधील ‘पञ्च’ची खूणही पुसली गेली. हानी लहान नव्हे. पाठ्यपुस्तके व छापखाने यांमुळे नियम रुजला. शब्दांचे तसे नाही. नाशिकनजीकच्या भगूरचे सावरकर यांचे ‘महापौर’, ‘दिनांक’ राजाज्ञेविना रूढ झाले; उलट, कचेरीच्या पाटीवर ‘जिल्हाधिकारी’ असूनही लोकांच्या तोंडी ‘कलेक्टर’ टिकून आहे.