समुद्रात वादळ तयार होताना: हौशी हवामान अंदाज कसे वाचावेत आणि बागेतली कामे कधी करावीत

मे महिना अर्धा सरला की कोकणातल्या बागायतदारांच्या मोबाइलवर एक नकाशा फिरू लागतो. अरबी समुद्रात लाल-जांभळा भोवरा, खाली एक तारीख आणि ‘किनाऱ्याला धोका’ असा इशारा. हा नकाशा बहुतेक वेळा हवामान विभागाचा नसतो. हवामानाची आवड असलेल्या एखाद्या हौशी अभ्यासकाने तो विंडीसारख्या ॲपवरून घेतलेला असतो. तो पाहून कोणी अपक्व हापूस उतरवतो, कोणी घाईने पेरणी उरकतो, तर कोणी ‘गेल्या वेळी कुठे काय झाले’ म्हणून दुर्लक्ष करतो. तिन्ही प्रकारांत नुकसान होऊ शकते.

हौशी अंदाज टाकाऊ नसतात. त्यांच्यावर कोणते काम सोपवायचे आणि कोणते नाही, हे ठरवणे महत्त्वाचे आहे.

हौशी अभ्यासक काय पाहतात?

त्यांचा मुख्य आधार दोन मॉडेल्सचा असतो: अमेरिकेचे जीएफएस आणि युरोपीय केंद्राचे ईसीएमडब्ल्यूएफ. जीएफएस दिवसातून ४ वेळा नव्याने चालते आणि १६ दिवसांपर्यंतचे चित्र देते. त्याबरोबर ते समुद्राचे तापमान आणि वेगवेगळ्या उंचीवरील वाऱ्यांमधला फरक पाहतात. वादळ पोसायला समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त लागते आणि वर-खालच्या वाऱ्यांतला फरक कमी लागतो. भर पावसाळ्यात हा फरक मोठा असतो. म्हणून अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात.

चांगला अभ्यासक हे सगळे सोप्या मराठीत समजावून सांगतो आणि आपल्या गावातल्या पावसाची रोज नोंद ठेवतो. ही माहिती उपयोगाची असते.

गफलत कुठे होते?

- एकाच वेळचे चित्र: मॉडेल सहा तासांनी पुन्हा चालते आणि भोवरा रत्नागिरीवरून ओमानकडे सरकलेला दिसतो. जुने चित्र मात्र पुढे दोन दिवस फिरत राहते.
- लांबचा पल्ला: दहा-बारा दिवस पुढचे पाहताना जीएफएस कधी कधी प्रत्यक्षात न होणारी वादळेही दाखवते.
- एकच रेघ: मॉडेल थोड्या बदललेल्या सुरुवातीने अनेकदा चालवतात. युरोपीय केंद्र अशी ५१ चित्रे काढते. ती एकमेकांजवळ असतील तर मार्गावर भरवसा ठेवता येतो. पंख्यासारखी पसरली असतील तर एका गावाचे नाव घेण्यात अर्थ नाही.
- वेळ आणि एकक: नकाशावर ‘१२ यूटीसी’ असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. वेग नॉटमध्ये असेल तर १ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर.

मागच्या वादळांनी काय दाखवले?

निसर्ग, जून २०२०: २ जूनला दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले आणि त्याला नाव मिळाले. ३ जूनला दुपारी ते दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले. नाव मिळाल्यापासून बागायतदाराच्या हातात जेमतेम एक दिवस होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आपल्याकडे वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला वारा सहसा जास्त असतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वादळात ही बाजू केंद्राच्या दक्षिणेला येते. त्यामुळे ‘केंद्र आपल्या उत्तरेला आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका.

तौक्ते, मे २०२१: हे किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले आणि गुजरातमध्ये जमिनीवर आले. तरीही सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत झाडावरचा आंबा गळून पडला.

क्यार, ऑक्टोबर २०१९: हे कोकणाला लागलेच नाही, ओमानच्या दिशेने गेले. पण त्याच्या पावसाने शेतात उभे आणि कापून ठेवलेले भात भिजले.

वायू, जून २०१९: गुजरातच्या किनाऱ्यावर धडकण्याचा अंदाज होता. आदल्या रात्रीपासून त्याने दिशा बदलली आणि ते समुद्रातच राहिले. म्हणजे शेवटच्या दिवशीही मार्ग बदलू शकतो.

हवामान विभागाच्या २४ तास आधीच्या अंदाजात केंद्राच्या जागेची सरासरी चूक अलीकडे १०० किलोमीटरच्या आत असते. अलिबाग ते श्रीवर्धन हे सरळ रेषेतले अंतरच सुमारे ६५ किलोमीटर आहे. मग आठवडाभर आधी तालुक्याचे नाव सांगणाऱ्या अंदाजावर किती विसंबायचे, ते आपणच ठरवा.

अधिकृत माहिती कधी मिळते?

उत्तर हिंदी महासागरासाठी अधिकृत इशारा देण्याची जबाबदारी भारतीय हवामान विभागाची आहे.

- दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा दृष्टिक्षेप.
- रोजच्या निवेदनात पुढच्या ७ दिवसांत डिप्रेशन तयार होण्याची शक्यता: नाही, कमी, मध्यम किंवा जास्त.
- वादळाची पूर्वसूचना: साधारण ७२ तास आधी.
- पिवळा इशारा: किमान ४८ तास आधी. केशरी इशारा: किमान २४ तास आधी. लाल: जमिनीवर येण्याच्या सुमारे १२ तास आधी.

वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन आणि ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ. नाव याच टप्प्यावर मिळते. ‘अजून नाव पडलेले नाही’ म्हणून थांबणाऱ्याला निसर्गच्या वेळी उशीर झाला असता.

कोणत्या टप्प्यावर कोणते काम?

नियम सोपा आहे. वादळ न आल्यासही वाया न जाणारी कामे आधी करा. एकदा केली की मागे घेता येत नाहीत, ती कामे अधिकृत इशाऱ्यापर्यंत राखून ठेवा.

*१. फक्त मॉडेलवर दिसत असताना*

हौशी अंदाजाला या टप्प्यावर घंटा समजा.

- बागेतले चर आणि पाणी निघण्याच्या वाटा मोकळ्या करा.
- नारळाच्या सुकलेल्या झावळ्या आणि आंब्याच्या वाळलेल्या, मोडक्या फांद्या काढा.
- बांबू, दोर, ताडपत्री, क्रेट यांची जमवाजमव करा.
- बागेचे फोटो काढा. सातबारा आणि विम्याची कागदपत्रे कोरड्या जागी ठेवा.

ही कामे पावसाळ्याआधी करायचीच असतात. वादळ आले नाही तरी मेहनत फुकट जात नाही.

*२. अधिकृत शक्यता ‘मध्यम’ किंवा ‘जास्त’ झाल्यावर, किंवा डिप्रेशन तयार झाल्यावर*

- १४ आणे, म्हणजे साधारण ८५ टक्के तयार झालेला हापूस आधी उतरवा. त्याहून कोवळे फळ सुरकुतते, रंग आणि चव येत नाही, भावही मिळत नाही. ते झाडावरच ठेवा.
- मजूर आणि गाडी आत्ताच ठरवा. इशारा लागल्यावर सगळ्यांना एकाच दिवशी हवे असतात.
- तयार नारळ आणि सुपारी उतरवा. घड लागलेल्या केळींना बांबूचा आधार द्या.
- खत देणे आणि फवारणी थांबवा.
- ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवी भातकापणी थांबवा. कापलेले भात शेतातून हलवून उंचावर रचा आणि झाका.

*३. पिवळा किंवा केशरी इशारा लागल्यावर*

- शेडनेटचे कापड उतरवून ठेवा. सांगाडा वाचतो.
- पंपाचा स्टार्टर आणि मोटर पाणी चढणार नाही अशा जागी न्या.
- जनावरे मोठ्या झाडाखाली किंवा कमकुवत गोठ्यात बांधून ठेवू नका.
- झोंबरे वारे सुरू झाल्यावर कोणालाही झाडावर चढवू नका. उरलेले फळ गेले तरी चालेल.
- वारा अचानक पडला तर बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा वरून जात असू शकतो आणि काही वेळाने उलट दिशेने वारा सुटतो.

वादळाचा पाऊस म्हणजे मान्सून नव्हे

देशावरच्या शेतकऱ्यांसाठीही हा मुद्दा महत्त्वाचा आहे. २०२३ मध्ये बिपरजॉय अरबी समुद्रात असतानाच मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत पोहोचला आणि तिथे अडकला. मुंबईत तो २५ जूनला आला. २०१९ मध्ये वायूनंतरही मान्सून लांबला होता. वादळ समुद्रातली बाष्पयुक्त हवा आपल्याकडे ओढते आणि मागे कोरडे दिवस राहू शकतात. म्हणून एका जोरदार सरीवर सोयाबीन-कापूस पेरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर आणि पुढच्या पावसाचा अंदाज पाहूनच पेरणी करा. तसे न केल्यास दुबार पेरणीची वेळ येते.

अंदाज पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न

१. चित्र कोणत्या मॉडेलचे, कोणत्या तारखेचे आणि वेळेचे आहे?
२. किती दिवस पुढचे आहे? ५ दिवसांहून जास्त असेल तर ठिकाणाच्या नावावर विसंबू नका.
३. सांगणारा शक्यता सांगतो की खात्री देतो? आपला मागचा अंदाज चुकला तर तो तसे सांगतो का?
४. आजच्या अधिकृत निवेदनाशी ते जुळते का?

जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिळतो. तो मेघदूत ॲपवरही पाहता येतो. हौशी अभ्यासकाचा नकाशा पाहून चर मोकळे करायला लागा, पण फळ उतरवण्याचा आणि पेरणीचा निर्णय हे अधिकृत निवेदन वाचूनच घ्या.