चर्चच्या रंगीत काचा : प्रतीकांची भाषा

त्रिशूळ दिसला की शिव आणि शंख-चक्र दिसले की विष्णू, ही ओळख उमरग्याच्या प्राचीन महादेव मंदिरात येणाऱ्या भाविकाला शिकवावी लागत नाही. चर्चच्या खिडक्यांमधील रंगीत काचांचीही अशीच एक भाषा आहे. मध्ययुगीन युरोपात बहुसंख्य समाज निरक्षर होता. त्याला बायबलच्या कथा सांगण्याचे काम या काचांनी केले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'तून त्याच कथा मराठी ओवीत कानांवर घातल्या. काचांनी त्या डोळ्यांसमोर ठेवल्या.

खुणांचे अर्थ

चार शुभवर्तमानकारांच्या खुणा ठरलेल्या आहेत. मत्तयासाठी पंख असलेला मनुष्य, मार्कसाठी सिंह, लूकसाठी बैल आणि योहानासाठी गरुड. हाती पताका घेतलेले कोकरू म्हणजे बलिदानानंतर पुन्हा उठलेला ख्रिस्त. कबुतर म्हणजे पवित्र आत्मा, तर किल्ल्या ही संत पेत्राची खूण. स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पाणपक्षी पेलिकन हे ख्रिस्ताच्या त्यागाचे रूपक आहे. रंगांनाही अर्थ आहे. तांबडा हुतात्म्यांचा, निळा मरियेचा, पांढरा पावित्र्याचा आणि हिरवा आशेचा.

मुंबईतील उदाहरणे

अफगाणिस्तान व सिंधमधील मोहिमांत (१८३८ ते १८४३) मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कुलाब्यात उभारलेले चर्च 'अफगाण चर्च' म्हणून ओळखले जाते. ते संत योहानाला वाहिलेले असून १८५८ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. त्याच्या पूर्व व पश्चिमेकडील खिडक्यांच्या काचा इंग्लंडमधील कारागीर विल्यम वेल्स यांच्या आहेत. फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. तेथे हेन्री हॉलिडे यांनी रेखाटलेल्या काचांत संत थोमा असून त्याच्या दोन बाजूंना गॅब्रिएल व मायकेल हे देवदूत आहेत. थोमा भारतात आला व मैलापूर येथे भाल्याने मारला गेला, अशी परंपरा आहे. म्हणून भाला ही त्याची खूण. राजवाडा बांधण्याचे काम त्याच्यावर सोपविल्याची कथा असल्याने काटकोन हीही त्याची खूण मानली जाते. गोव्यातील जुन्या वास्तूंच्या खिडक्यांना मात्र काचेऐवजी शिंपल्यांचे पारदर्शी तुकडे बसविले जात.

काच घडते कशी?

वितळलेल्या काचेत धातूंचे अंश मिसळून रंग आणला जातो. कोबाल्टने निळा, तर तांबे किंवा सोन्याने तांबडा. चेहरे व वस्त्रांच्या घड्या गडद रंगाने रेखाटून काच पुन्हा भट्टीत भाजतात. सारे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून जोडले जातात.

हे शिसेच सर्वांत नाजूक ठरते. काळानुसार ते थकते, तावदाने फुगतात आणि तुकडे निसटतात. समुद्राची खारी हवा लोखंडी आधारांना गंजविते. निसटलेल्या तुकड्याच्या जागी साधी काच बसविली की वारा-पाऊस थांबतो, मात्र गरुडाचा पंख किंवा पेत्राची किल्ली कायमची नाहीशी होते. सेंट थॉमस कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. अशा कामात मूळ खूण ओळखता येणे ही पहिली अट असते. खुणांचा अर्थच विसरला गेला, तर दुरुस्त काय करायचे हेही उमगणार नाही.