माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेट: 'इंद्रधनुष', 'गोट्या', 'कॅप्टन व्योम'चं घरगुती रेकॉर्डिंग अजून वाचू शकतं का?

लोणावळ्यातल्या जुन्या बंगल्यांचे माळे किंवा तळेगाव, वडगाव, कामशेतमधली जुनी घरं आवरायला घेतली की एक वस्तू हमखास सापडते. काळी, जाड, पुस्तकाएवढी कॅसेट. वरच्या चिठ्ठीवर पेनाने लिहिलेलं असतं, "ताईचं लग्न". ते खोडून खाली "रामायण", आणि तेही खोडून "कॅप्टन व्योम, पुसू नये".

बहुतेक वेळा ही कॅसेट भंगारात जाते. व्हीसीआर कधीच बंद पडलेला असतो आणि मालिका काय, यूट्यूबवर मिळेलच, असं वाटतं. पण सगळं मिळत नाही. आणि मावळासारख्या पावसाळी भागात या कॅसेटकडे वेळही फार उरलेला नाही. का, ते नीट समजून घेऊ.

घरात रेकॉर्डिंग कधी सुरू झालं?

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. पण तेव्हा घरी कार्यक्रम टिपून ठेवायची सोय जवळपास कुणाकडेच नव्हती.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस कॅसेट बाजारात आणली १९७६ मध्ये. आपल्याकडे तिचा खरा प्रसार झाला १९८२ नंतर. त्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले, दूरदर्शन रंगीत झालं आणि पाठोपाठ व्हीसीआरही आले. यंत्र महाग होतं. गल्लीत एखाद्याकडे असायचं, बाकीचे एका रात्रीपुरतं भाड्याने आणायचे. ज्याच्याकडे स्वतःचा व्हीसीआर होता, तो मात्र दूरदर्शनवरचे कार्यक्रम टिपून ठेवू शकत होता.

या तारखा महत्त्वाच्या आहेत. 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही गाजलेली मराठी मालिका १९७७ ते १९७९ या काळातली. तिचे सगळे भाग आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळी स्टुडिओतल्या टेप महाग असल्याने एकावर दुसरं रेकॉर्डिंग करणं ही जगभरातली रीत होती. आणि तेव्हा प्रेक्षकांच्या घरी व्हीसीआर नव्हते, त्यामुळे एखादा भाग केंद्रात पुसला गेला तर तो बाहेर कुठे उरण्याची शक्यता जवळपास नव्हती. ऐंशी आणि नव्वदच्या दशकातल्या मालिकांना मात्र ती दुसरी संधी आहे. ती संधी म्हणजेच माळ्यावरच्या कॅसेट.

त्या कॅसेटवर काय असू शकतं?

त्या काळात मुलांच्या कार्यक्रमांना आणि विज्ञानकथांना बरे दिवस होते.

'इंद्रधनुष' (१९८९) ही आनंद महेंद्रू यांची १३ भागांची मालिका. मुलं संगणक बनवायला घेतात आणि गोष्ट थेट कालप्रवासापर्यंत जाते. गिरीश कर्नाड त्यात होते. पुढे नाव काढलेले आशुतोष गोवारीकर, ऊर्मिला मातोंडकर आणि करण जोहरही त्यात दिसले.

'स्पेस सिटी सिग्मा' ही देशी अंतराळकथा. पुठ्ठ्याची याने आणि चमकदार पोशाख यावर आज हसू येईल, पण तेव्हा मुलं डोळे विस्फारून बघायची. 'स्टार ट्रेक' आणि जपानी 'जायंट रोबो'सारख्या परदेशी मालिकाही दूरदर्शननेच घराघरात आणल्या. १९९७ मध्ये 'शक्तिमान' आला. १९९८ मध्ये केतन मेहता यांचा 'कॅप्टन व्योम', मिलिंद सोमण मुख्य भूमिकेत.

मराठीत ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची, राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेली 'गोट्या' होती. जॉय घाणेकर त्यात गोट्या झाला होता. शिवाय 'किलबिल' होतं. 'किलबिल'सारख्या कार्यक्रमांचं जतन मालिकांपेक्षा अवघड असतं. मालिकेला निर्माता असतो, तिची पुन्हा विक्री होते, म्हणून कुणीतरी टेप सांभाळतो. स्टुडिओत मुलांना बोलावून केलेल्या साप्ताहिक कार्यक्रमाचं तसं नसतं.

आणखी एक गोष्ट आहे. अधिकृत प्रत मिळाली तरी तिच्यात फक्त मालिका असते. घरच्या कॅसेटवर मात्र मधल्या जाहिराती, निवेदिकेचं बोलणं, व्यत्ययाची पाटी, पुढच्या बातम्यांची सुरुवात, सगळं येतं. त्या संध्याकाळी टीव्ही नेमका कसा दिसत होता, याची नोंद फक्त तिथेच असते.

घरगुती रेकॉर्डिंगने खरंच काही वाचलंय का?

हो. सगळ्यात मोठं उदाहरण ब्रिटनचं. बीबीसीने 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेच्या साठच्या दशकातल्या अनेक भागांच्या टेप पुसून टाकल्या. नव्वदहून अधिक भागांचं चित्र त्यामुळे हरवलं. पण त्यातल्या एकाही भागाचा आवाज हरवलेला नाही. कारण काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपून ठेवला होता.

याच मालिकेच्या 'द डीमन्स' या १९७१ च्या कथेचे बरेचसे भाग चांगल्या दर्जात फक्त कृष्णधवल उरले होते. अमेरिकेतल्या एका प्रेक्षकाने घरी केलेल्या रंगीत रेकॉर्डिंगमधून नुसता रंग उचलला गेला आणि तो त्या कृष्णधवल चित्रावर चढवला गेला. घरच्या रेकॉर्डिंगचं चित्र खराब होतं, पण रंग कामाला आला.

अमेरिकेतल्याच मॅरियन स्टोक्स या बाईंनी तर तीसहून अधिक वर्षं घरी बसून टीव्ही रेकॉर्ड केला. २०१२ मध्ये त्या गेल्या तेव्हा मागे सुमारे ७० हजार टेप होत्या.

मावळातल्या कॅसेटची खास अडचण

व्हीएचएसची फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती साधारण अडीचशे मीटर असते. पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साइडचे बारीक कण एका चिकट थराने बसवलेले असतात. चित्र आणि आवाज असतो तो या कणांत.

दमट हवेत दोन गोष्टी होतात. एक, तो चिकट थर हवेतलं पाणी शोषून हळूहळू कमकुवत होतो. दोन, फितीच्या गुंडाळीवर बुरशी धरते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पावसाळ्यात भिंतींना ओल, कपाटात कुबट वास, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी, हे तिथे घरोघरी ठाऊक आहे. चपलेवर जे होतं तेच कॅसेटच्या आतही होतं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने कुलूपबंद राहणाऱ्या बंगल्यांत तर जास्तच. पुढे उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा तापतो. ओल आणि मग उष्णता, असं दरवर्षी होत राहतं.

चित्रातल्या मुंग्या: दोष कॅसेटचा की डोंगराचा?

जुनी कॅसेट लावली आणि पडद्यावर मुंग्या आल्या की लोक म्हणतात, गेली कॅसेट. पण मावळात ते तसंच असेल असं नाही.

टीव्हीच्या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्या आडोशाला असलेल्या पवन मावळात किंवा आंदर मावळातल्या खोऱ्यांत मुळात सिग्नलच कमजोर पोहोचायचा. घरातला एक जण छपरावर अँटेना फिरवतोय आणि खाली दुसरा "आला, आला... गेला!" ओरडतोय, हे दृश्य म्हणूनच. काही ठिकाणी डोंगरावर आपटून परत आलेल्या लहरींमुळे प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकट सावली दिसायची. हे सगळं कॅसेटवर जसंच्या तसं टिपलं गेलं.

फरक ओळखायला सोपी खूण आहे. चित्रात आडव्या रेघा आणि मुंग्या आहेत, पण आवाज स्वच्छ आहे? मग बहुधा व्हीसीआरचं हेड घाण झालंय. साध्या व्हीसीआरमध्ये आवाज फितीच्या कडेला वेगळ्या पट्टीवर असतो आणि तो वेगळं हेड वाचतं. हेड साफ केलं की चित्र सुधारू शकतं. पडद्याच्या वर किंवा खाली एकच खराब पट्टा असेल तर ट्रॅकिंग फिरवून बघावं. पण सगळ्या चित्रभर सारख्या मुंग्या, मध्येच उडणारा रंग आणि सोबत आवाजातही खरखर असेल, तर तो दोष बहुधा रेकॉर्डिंगच्या दिवसाचाच आहे. कॅसेट ठीक आहे.

कॅसेट सापडली तर काय करायचं?

१. लगेच लावून बघू नका. आधी झाकणाच्या खिडकीतून फितीच्या कडेकडे बघा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि हात लावताना मास्क घाला. ती यंत्रात घातली तर बुरशी यंत्रात आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. हे काम जाणकाराकडेच द्यायचं.

२. उन्हात वाळत घालू नका. पापड आणि गाद्यांना चालतं, कॅसेटला नाही. उष्णतेने फीत वेडीवाकडी होते. कोरड्या, सावलीच्या खोलीत काही दिवस उभी ठेवा.

३. मागच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची टिकली तोडा. ती तुटली की कॅसेटवर चुकून नवं रेकॉर्डिंग होत नाही.

४. पहिल्यांदा लावाल तेव्हाच उतरवून घ्या. 'आधी बघू, मग कॉपी करू' यात कमजोर फीत दुसऱ्या फेरीला तुटू शकते. आणि व्हीसीआर आधी एखाद्या बिनकामाच्या कॅसेटवर तपासून घ्या.

५. टीव्हीच्या पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करू नका. व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये कॅप्चर यंत्र जोडून उतरवलेली प्रत कितीतरी चांगली येते. पुणे-मुंबईत लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट उतरवून देणारे स्टुडिओ हे काम करतात. त्यांना सांगा, जाहिराती कापू नका, चित्र ताणून रुंद करू नका. जपून ठेवायची फाइल मोठी असते. डीव्ही प्रकारात तासाला साधारण १३ जीबी लागतात. रोज बघायला छोटी एमपी४ वेगळी करून घ्या.

६. फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. कॅसेटवरच्या चिठ्ठीचा फोटोही काढा. तारीख बऱ्याचदा तिथेच असते. नसेल तर मधल्या बातम्या आणि जाहिरातींवरून तारखेचा अंदाज लागतो.

यूट्यूबवर टाकलं तर चालतं का?

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करणं चालतं. सगळ्यांसाठी अपलोड करणं ही वेगळी बाब. प्रसारणाचा हक्क २५ वर्षं टिकतो, पण मालिकेचा स्वतःचा कॉपीराइट ६० वर्षांचा असतो. म्हणजे १९८९ ची 'इंद्रधनुष' या हिशेबाने अजून मुक्त झालेली नाही. घरी बघणं, जपणं याला अडचण नाही. दुर्मीळ भाग सापडलाच तर आधी प्रसारभारती किंवा निर्मात्याशी संपर्क साधणं बरं. दूरदर्शन स्वतःही जुना साठा बाहेर काढतंय. २०२० मध्ये डीडी रेट्रो वाहिनी आली, २०२४ मध्ये 'वेव्ह्ज' हे ओटीटी.

घाई कशासाठी?

नवा व्हीसीआर आता बनत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये शेवटचे व्हीसीआर बनवले. जे उरलेत ते जुने, आणि दुरुस्त करणारे हातही कमी होत चाललेत. चुंबकीय फितींवरचा ठेवा हरवण्याआधी उतरवून घ्या, असा इशारा युनेस्कोने २०१९ मध्येच 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' नावाने दिला होता.

मावळात हे काम करायचे दिवस म्हणजे पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यापासून मे महिन्यापर्यंत. तेव्हा यंदाची दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरचा तो खोका भंगारवाल्याला देण्याआधी एकदा चिठ्ठ्या वाचून बघा. "पुसू नये" असं लिहिलेलं असेल, तर कुणाला तरी ते जपून ठेवायचं होतं.