२४ डिसेंबर : ग्राहक संरक्षण कायदा (१९८६)

ग्राहक संरक्षण कायद्याला १९८६ साली आजच्या दिवशी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. म्हणूनच आज राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याआधी बारा वर्षे, १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली होती. या कायद्याची जमीन अशाच चळवळींनी नांगरली, हे आपण फार लवकर विसरलो.

इंदूरच्या मराठी वाचकाला हा विषय जवळचा आहे. इथून देशभर फोन करून शेअर बाजाराच्या 'टिप्स' विकल्या गेल्या. हमखास नफ्याचे आमिष दाखवायचे, आधी थोडी फी घ्यायची, मग वेगवेगळ्या नावांनी रक्कम वाढवत न्यायची, ही टिप्स विकणाऱ्यांची रीत. निवृत्तीची पुंजी अशी गमावणे फार क्लेशदायक असते. गुंतवणूक सल्लागारांसाठी शेअर बाजाराची नियामक संस्था 'सेबी'ने २०१३ मध्ये नियम आणले. त्यानंतर इंदूरमधल्या अनेक सल्लागारांवर कारवाई झाली, फी परत करण्याचे आदेशही निघाले.

१९८६ च्या कायद्याच्या जागी आलेला २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोलाची तरतूद म्हणजे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्याच ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. वकील लावण्याची सक्ती नाही. पावती, करार, जाहिरात आणि फोनवरचे संदेश मात्र जपून ठेवावेत. तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.