आशिकी कट

१९९० साली ‘आशिकी’ आला तेव्हा आपण नववीत होतो. नदीम-श्रवणचं संगीत, कुमार सानूचा आवाज आणि राहुल रॉयचे कपाळावर आलेले केस! टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटमुळे ही गाणी आपल्या चितेगावातही दिवसभर वाजायची, चहाच्या टपरीवर, ट्रॅक्टरवर. पण विकत आणलेली कॅसेट वाजवायला घरी टेप लागतो, आणि तो वर्गात दोघा-तिघांकडेच होता. केसांना मात्र पैसे पडत नव्हते. मधोमध भांग पाडला की तुम्ही त्या टोळीत. गाणी टपरीबाहेर उभं राहून पाठ केलीत की घरी ऐकून, हे कुणी विचारत नसे.

मुलींना ही सोय नव्हती. त्यांच्या दोन वेण्या ठरलेल्या. गाणी त्यांनाही तोंडपाठ होती, हे मला परवा आपल्या ग्रुपवर कळलं.

एके सकाळी प्रार्थनेनंतर सरांनी आम्हा सात ‘हिरों’ना रांगेतून बाहेर काढलं आणि कटिंगला पाठवलं. वर्गातल्या एकाचे केस इतके कुरळे, की कितीही पाणी लावलं तरी ते कधी कपाळावर आलेच नाहीत. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तरी तो आठवा म्हणून आमच्या मागे येऊन उभा राहिला.