मुद्रा आणि दिनचर्या
चीनमधील चांगशा नगरीत मावांगदुई येथे १९७३-७४ च्या उत्खननात रेशमावर रंगविलेल्या ४४ व्यायाममुद्रा सापडल्या. ते थडगे इ. स. पूर्व १६८ चे. त्या परंपरेशी नाते सांगणाऱ्या ताई चीचा २४ मुद्रांचा सुलभ क्रम चिनी शासनाने १९५६ साली सिद्ध केला. पुढे १९९७ साली लॉस एंजेलिसमधील व्यवसायोपचारतज्ज्ञांनी साठ व त्यापुढील वयाच्या ३६१ जणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. नुसत्या करमणुकीच्या बैठकींनी लाभ झाला नाही; आपली दिनचर्या तपासून ती नव्याने घडविणाऱ्यांना झाला.

निवृत्तीनंतर हजेरीपुस्तक सुटले आणि रिकामी सकाळ अंगावर येऊ लागली, तेव्हा या दोन धाग्यांची गाठ आम्हांस उमगली. मुद्रा शिकविता येते; ती केव्हा, कोणासोबत आणि कोणत्या कामाआधी करावयाची, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.