वणवे (बऱ्हाणपूर परिसर)
मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात सातपुड्याच्या पानझडी सागवनांना फाल्गुन ते वैशाख या काळात लागणाऱ्या आगी. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. आग वाऱ्यावर सुटली की चढणीवर झपाट्याने धावते. ठपका बहुधा मोह वेचणाऱ्यांवर येतो, पण न विझवता टाकलेली विडी आणि शेताच्या बांधावरचे जाळणेही तितकेच घातक. नेपानगर, खकनार भागांतील कोरकू, बारेला, भिलाला कुटुंबांचा मोह, तेंदूपत्ता, डिंक, गुरांचा चारा अशी वर्षाची पुंजी एका दुपारी जाऊ शकते. उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो खरा. विझवणाऱ्यांच्या हाती मात्र बऱ्याचदा हिरव्या फांद्याच असतात. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. आग पसरू नये म्हणून वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा (पाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे) काढते.